आणि तिचं?

श्रावणातल्या एका रविवारी दुपारी आई टीव्हीसमोर वाल सोलत बसली होती. कडवे वाल, भिजवून, फडक्यात बांधून मोड आणलेले. कोमट पाण्यात टाकले की त्यांची सालं सैल होतात. मग अंगठा आणि तर्जनीत धरून जरासं दाबलं की दाणा टपकन पातेल्यात पडतो. त्या ओलसर, किंचित उग्र वासाने हॉल भरला होता. टीव्हीवर ‘अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम’ चालू होता, हिंदीतून. मीच लावला होता, कितव्यांदा कोण जाणे. आईला यातलं कुणीच माहीत नाही, त्यामुळे तिने आपली नावं ठेवली होती: हातोडीवाला, ढालवाला, हिरवा, आणि ‘तो दाढीचा, फार बोलणारा’. निम्मा सिनेमा ती ओट्याशीच होती. शेवटाला मात्र येऊन बसली. तळ्याकाठचं घर, काळ्या कपड्यांतली माणसं, आणि लाकडी धक्क्यावरून पाण्यात सोडलेलं फुलांचं तबक. त्या तबकात दाढीवाल्याच्या छातीतलं ते गोल यंत्र. “पाण्यात सोडलं, बरं केलं,” आई म्हणाली. कॅमेरा एकेकाच्या चेहऱ्यावरून मागे मागे सरकत गेला. अंगणभर माणसं. आईचा हात थांबला.

“आणि तिचं?”

“कुणाचं?”

“अगं ती, तांबड्या केसांची. कड्यावरनं गेली ती. तिचं कुणी केलं की नाही?”

मी म्हटलं, नाही बहुतेक. “असं कसं नाही?” असं म्हणून तिने पुढचा वाल उचलला.

एवढंच झालं. पण ‘आणि तिचं?’ हे दोन शब्द पुढे कित्येक दिवस माझ्या पायात घोटाळत राहिले. मी हा सिनेमा पाच-सहा वेळा पाहिला आहे. त्यावर तावातावाने वाद घातले आहेत, एकदा तर एका साखरपुड्याच्या पंगतीत. आणि आईने अर्ध्या लक्षाने पाहून जे विचारलं, ते मला सुचलंच नव्हतं असं नाही, पण ते मी ‘पटकथेतली त्रुटी’ या खात्यात टाकून मोकळी झाले होते. आईने ते तसं विचारलं नव्हतं. घरातल्या माणसाबद्दल विचारावं तसं विचारलं होतं.

पहिल्यांदा पाहिला तो एप्रिल 2019 मध्ये, पुण्यात, सिनेमा आल्या आल्या दुसऱ्याच दिवशी. 23 तारखेला मतदान झालं होतं, त्यामुळे थिएटरात पॉपकॉर्नच्या डब्यात शिरणाऱ्या प्रत्येक डाव्या हाताच्या बोटावर शाई होती. बाहेर डांबर वितळेल असं ऊन, आत गोधडी आणली असती तर बरं झालं असतं असा एसी. देशात काही ठिकाणी दिवसरात्र खेळ लावले होते, तरी तिकिटं मिळत नव्हती. आमची मिळाली ती भाच्यामुळे. तो तेव्हा अकरा वर्षांचा होता. आधीचे एकवीसही सिनेमे त्याला तोंडपाठ होते आणि बाविसाव्यासाठी त्याने आपल्या बापाला पहाटे फोन घेऊन बसवलं होतं. माझे त्यातले आठ-नऊच पाहून झालेले. “आत्या, कळलं नाही तर मध्ये विचारू नकोस, नंतर सांगतो,” अशी तंबी आत शिरतानाच मिळाली. स्टीव्हच्या, म्हणजे आईच्या ढालवाल्याच्या, हातात हातोडीवाल्याची ती हातोडी आली तेव्हा थिएटरात जो गलका झाला, तसा मी लहानपणी गावच्या जत्रेत तंबूतल्या सिनेमाला ऐकला होता. नंतर कधीच नाही. शिट्ट्या, बाकांवर थापा, आणि माझ्या शेजारची पन्नाशीची बाई, जिला हातोडी म्हणजे काय हेही ठाऊक नसावं, तीसुद्धा उठून उभी. अशा वेळी सिनेमा चांगला की वाईट हा प्रश्नच राहत नाही.

मी रडले ते मात्र भलत्याच ठिकाणी. त्याच्याकडे येते.

एंडगेमचं पहिल्यांदा काय आवडलं असं कुणी विचारलं, तर मी पहिला तास म्हणेन. महानायकांच्या सिनेमाने, तेही एवढ्या मोठ्या, तासभर हरून बसायचं धाडस केलं होतं. आधीच्या सिनेमात खलनायक थॅनॉसने सहा जादूच्या मण्यांच्या जोरावर निम्मी जीवसृष्टी नाहीशी केलेली असते. इथे त्याचं मुंडकं वीसेक मिनिटांतच उडतं आणि त्याने काहीच परत येत नाही. मग पडद्यावर ‘पाच वर्षांनंतर’ ही अक्षरं उमटतात. पुढे काय, तर स्टीव्ह रॉजर्स खुर्च्यांचं कडं करून बसलेल्या चार-सहा माणसांमध्ये बसलाय आणि एक जण सांगतोय, की बऱ्याच दिवसांनी कुणाबरोबर तरी जेवायला गेलो आणि ताटावर बसून दोघेही रडलो. ओस पडलेलं बेसबॉलचं मैदान. स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याभोवती मालकाविना दाटीने उभ्या बोटी. सॅन फ्रान्सिस्कोत नाहीशा झालेल्यांच्या नावांचे दगड, रांगाच्या रांगा, आणि याच नायकांपैकी एक, स्कॉट लँग, त्यांच्यातून धावत आपल्या मुलीचं नाव शोधतोय, तर त्याला त्याचंच नाव सापडतं. 2019 मध्ये हे सगळं मला ‘छान वातावरणनिर्मिती’ वाटलं होतं. परवा, आईशेजारी बसून पाहताना, छान वाटलं नाही. मधल्या काळात आपण सगळ्यांनीच ओस रस्ते पाहिले आहेत, आणि फोन लावावा तर उचलणारा नाही अशी नावं प्रत्येकाच्या फोनमध्ये आहेत. सिनेमा बनवणाऱ्यांना यातलं काही ठाऊक असणं शक्य नव्हतं.

या पहिल्या तासात नताशा, म्हणजे ती तांबड्या केसांची, एका टेबलाशी बसलेली असते. बाकीच्यांनी आपापली सोय लावून घेतली आहे. दाढीवाल्या टोनीने तळ्याकाठी घर बांधलंय, हातोडीवाला थॉर नॉर्वेच्या किनाऱ्यावर बियरच्या डब्यांत बुडालाय, तिचा जुना मित्र क्लिंट तलवार घेऊन जगभर सूड उगवत फिरतोय. ही एकटी त्या रिकाम्या इमारतीत राहून सगळ्यांचे कॉल घेते. कुणी अंतराळातून, कुणी वकांडातून. समुद्राखाली भूकंप झाला, तर त्याचं काय करायचं. एकेकाचं चित्र हवेत विझत जातं आणि ही उरते, समोर पीनट बटरचं सँडविच, तेही अर्धं. स्टीव्ह येतो आणि तिचे डोळे भरलेले असतात. दोन मिनिटांचा प्रसंग असेल. अख्ख्या सिनेमात मला खरा वाटलेला सगळ्यात मोठा पराक्रम तोच आहे. आई तेव्हा नेमकी ओट्याकडून आली होती. म्हणाली, “ही कधी जेवणार नीट?”

आता ताईआत्याबद्दल सांगायला हवं.

ताईआत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. केलं नाही की होऊ दिलं नाही, यावर घरात दोन मतं होती आणि दोन्ही ती नसतानाच बोलली जात. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. तिच्या पगारावर बाबांचं शिक्षण झालं, धाकट्या आत्याचं लग्न झालं, आमच्या घराच्या गच्चीचा स्लॅब पडला. रात्रपाळी करून यायची, केसांवर हेडफोनच्या पट्टीचा वळ उमटलेला असायचा. आणि सगळ्यांची पंगत उठल्यावर, ओट्याशी उभ्या उभ्या, पातेल्यातला शेवटचा भात त्याच पातेल्यात कालवून जेवायची. ताट घ्या म्हटलं की म्हणायची, “एक ताट कमी घासायचं.” ती बसून जेवल्याचं मला आठवत नाही. आठवत नाही म्हणजे आम्ही बघितलं नाही.

तिच्याकडे ट्रंक कॉलच्या गोष्टी होत्या. आजच्या पोरांना सांगून खोटं वाटेल, पण परगावी फोन लावायचा तर आधी बुक करावा लागायचा आणि मग घंटा वाजायची वाट बघत बसायचं. ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग असे दर्जे. लाइटनिंग बहुतेक मरणाच्या बातमीलाच. मिनिटं मोजून तीन. ताईआत्या सांगायची, की माणसं अडीच मिनिटं “ऐकू येतंय का” आणि “तिकडे पाऊस आहे का” यातच घालवतात. तीन मिनिटं झाली असं आम्ही मध्ये सांगितलं, की मग त्यांना खरं बोलायचं ते आठवतं, आणि त्या घाईत ते काहीतरी भलतंच बोलून फोन ठेवतात.

मी थिएटरात रडले ते याच जागी. नाहीशी झालेली माणसं परत आणायला ते मणी भूतकाळातून गोळा करायचे ठरतात, म्हणून टोनी आणि स्टीव्ह 1970 सालात जातात, न्यू जर्सीतल्या लष्करी तळावर. खिशात नेमका मोजकाच ऐवज, परतीची खात्री नाही. तिथे टोनीला तळघरात त्याचा बाप भेटतो. हॉवर्डच्या एका हातात फुलं आहेत आणि दुसऱ्या हातात आंबवलेल्या कोबीचा डबा. बायको गरोदर आहे, तिला डोहाळे लागलेत. म्हणजे पोटात टोनीच आहे. हा आंबट कोबी टोनीसाठीच चाललाय! बाप आणि मुलगा साधारण एकाच वयाचे होऊन समोरासमोर उभे आहेत, आणि बापाला काही माहीत नाही. तो या अनोळखी माणसापाशी कबूल करतो, की पोर अजून जन्माला आलं नाही, पण त्याच्यासाठी मी काहीही करेन. आयुष्यभर जो बाप टोनीला कोरडा वाटत आला, तो हाच. टोनी निघताना त्याला मिठी मारतो, थँक्यू म्हणतो, जे जे केलंस त्याबद्दल. आणि मग भानावर येऊन घाईने जोडतो, देशासाठी.

तीन मिनिटं झाली. भलतंच बोलून फोन ठेवला.

बाबा 2016 मध्ये गेले होते. भाच्याने अंधारात माझ्याकडे पाहिलं. “आत्या, इथे नाही रडायचं, रडायचं नंतर आहे,” तो कुजबुजला. त्याला रडायची ठिकाणं त्याच्या मित्राच्या मोठ्या भावाने आधीच सांगून ठेवली होती. मला मात्र मंडईतला एक माणूस दिसत होता. माझ्या वेळी आईला आवळ्यांचे डोहाळे होते आणि बाबा कारखान्यातून सुटल्यावर सायकलने मंडईत जाऊन आवळे आणायचे, हे मला आईनेच सांगितलंय. मला कुणी ते कालप्रवासाचं यंत्र दिलं तर मी त्या मंडईत जाईन. आवळ्यांच्या ढिगाशी उभ्या असलेल्या त्या पंचविशीतल्या माणसाला मी काय म्हणेन, याचा मी खूप विचार केला आहे. “कसे दिले?” याच्यापुढे माझी मजल जाईल असं वाटत नाही.

म्हणून त्या कालप्रवासाच्या तर्कशास्त्रावर जे रान उठतं, त्यात मी भाग घेते तो केवळ भाच्याच्या प्रेमापोटी. सिनेमातून बाहेर पडल्यावर त्याने पेपर नॅपकिनवर केचपने रेघा ओढून मला सगळं समजावलं होतं. भूतकाळात जाऊन काही बदललं तरी तुमचा वर्तमान बदलत नाही, तिथून फक्त एक नवी फांदी फुटते. मणी काढून घेतले तर त्या फांदीचं वाटोळं, परत नेऊन ठेवले तर सगळं ठीक. इथवर नॅपकिन स्वच्छ होता. मग मी विचारलं, 2014 मधला थॅनॉस सगळ्या फौजेनिशी 2023 मध्ये, म्हणजे सिनेमातल्या वर्तमानात, येऊन राख झाला, तर त्याच्या फांदीत आता थॅनॉस नाहीच? थॉरचा भाऊ लोकी 2012 मधून एक मणी असलेला तो निळा ठोकळा घेऊन पळाला, त्याचं काय? आणि शेवटी स्टीव्ह भूतकाळात राहून म्हातारा झाला, तो त्याच बाकावर कसा येऊन बसला? नॅपकिन लालेलाल झाला. पुढे कळलं, की या शेवटच्या प्रश्नावर दिग्दर्शक रुसो बंधूंचं उत्तर वेगळं आहे आणि पटकथाकार मार्कस-मॅक्फीली यांचं वेगळं. घरच्यांचंच एकमत नाही म्हटल्यावर आपण पाहुण्यांनी काय बोलावं.

आणि खरं सांगायचं तर आपल्याला याचं अप्रूप कमीच. राजा ककुद्मी आपल्या रेवतीला घेऊन ब्रह्मदेवाकडे स्थळं विचारायला जातो. तिथे गाणं चालू असतं म्हणून थोडा थांबतो, आणि तेवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगं उलटून जातात. मनात धरलेले सगळे वर, त्यांची नातवंडं-पतवंडं, सगळे संपलेले. शेवटी ती बलरामाच्या गळ्यात माळ घालते. ही गोष्ट आम्हाला ताईआत्याच सांगायची, आणि रेवती परत आल्यावर तिला ओळखणारं कुणीच नव्हतं या जागी नेहमी थांबायची. दुसऱ्याच जगात अडकून पडलेल्या स्कॉटचे पाच तास म्हणजे बाहेरची पाच वर्षं, हे पाहून मला रेवतीच आठवली. आमच्या गोष्टीत निदान गाणं तरी होतं. इथे विश्वाचा सगळा निकाल एका उंदराच्या हाती. तो गोदामातल्या गाडीच्या बटणावरून चालत गेला म्हणून स्कॉट सुटला, म्हणून पुढचं सगळं.

उंदीर मी सोडून देईन. शेवटच्या लढाईचा तो राखाडी चिखलही, ज्यात कोण कुणाला मारतंय ते कळत नाही. जिच्या एका ठोशात जहाज फुटतं ती कॅप्टन मार्व्हल सिनेमाभर कुठे होती, तर म्हणे इतर ग्रहांवर कामं होती. तेही सोडलं. थॉरचं सोडवत नाही. आई, बाप, भाऊ, मित्र, अर्धी प्रजा गमावलेला माणूस दारू पितो, सुटतो, दार लावून व्हिडिओ गेम खेळत बसतो, आणि सिनेमा त्याच्या पोटाकडे बोट दाखवून दात काढतो. एकदा नाही, दर दहा मिनिटांनी. असे थॉर प्रत्येक सोसायटीत एक-दोन असतात, आणि आपणही त्यांना जिन्यात पाहून असेच हसतो. पण मग हाच सिनेमा त्याला 2013 मध्ये नेऊन त्याच्या आईसमोर उभा करतो, नेमका तिच्या मरणाच्या दिवशी. ती त्याला क्षणात ओळखते. कुठून आलास, काय झालं, सगळं न सांगता. त्याला ती सुधारायला जात नाही, जवळ घेते. आणि निघताना सांगते, सॅलड खात जा. पुन्हा तोच विनोद! मी चिडले होते. आई मात्र वाल सोलता सोलता हसली. “आईच ती,” म्हणाली. माझी एक तक्रार तिथे निकाली निघाली.

नताशाची निघत नाही. त्या मण्यांपैकी एकासाठी, सोल स्टोनसाठी, कुणीतरी एकाने जीव द्यायला हवा असतो, आणि ती आणि क्लिंट कड्याच्या टोकावर एकमेकांना वाचवण्यासाठी एकमेकांशी मारामारी करतात. कल्पना म्हणून ती फार सुंदर आहे. ती जिंकते, म्हणजे जाते. मागे उरलेले पाच पुरुष तळ्याकाठी काही मिनिटं उभे राहतात, हिरवा एक अख्खं बाक उचलून पाण्यात भिरकावतो, आणि मग सगळे कामाला लागतात. का तर अजून जग वाचवायचंय. शेवटच्या लढाईत सिनेमातल्या झाडून सगळ्या लढवय्या बाया एका चौकटीत येऊन उभ्या राहतात. टाळ्या घ्यायची जागा आहे ती. पण या फौजेच्या मूळ सहा जणांत जी एकटी बाई होती, तीच त्या चौकटीत नसते. मग टोनीचं ते अख्खं अंगण. आणि तिच्या वाट्याला क्लिंट आणि वांडा या तिच्या साथीदारांची तळ्याकाठची चार वाक्यं, आणि तिला परत आणायचा मी खूप प्रयत्न केला, ही ब्रूसची, म्हणजे त्या हिरव्याची, कबुली. पटकथाकारांनी नंतर कारण दिलं होतं, टोनी जगजाहीर माणूस, ती कायम पडद्याआडची. कारण खोटं नाही. म्हणूनच ते लागतं. तिचा स्वतःचा सिनेमा आला तो जुलै 2021 मध्ये, ती गेल्यावर, आणि त्यातही तिचा दगड दिसतो तो सगळी नामावली संपल्यावरच्या तुकड्यात.

नंतर करू, असं म्हणतात ना, तसं.

बाबांच्या दहाव्याला आम्ही पुण्यातल्या ओंकारेश्वरला गेलो होतो. पन्नास-साठ माणसं असतील. पिंडाभोवती त्यांच्या आवडीचं मांडलं होतं: बटाटेवडा, कपभर चहा, ग्लुकोजची बिस्किटं. (टोनीच्या पोरीला अंत्यविधीनंतर भूक लागते आणि ती चीजबर्गर मागते. 2008 सालच्या पहिल्या सिनेमात कैदेतून सुटून आल्यावर टोनीने तेच मागितलं होतं. तिथे मला हटकून तो वडा आठवतो.) कावळा काही शिवेना. समोरच्या झाडावर चार-पाच बसलेले, माना वाकड्या करून बघणारे. दादा म्हणाला, आईला मी सांभाळीन. मी काही तरी म्हटलं. काका म्हणाले, घराचं नाव काढू. कावळे हलले नाहीत. अर्धा तास गेला, भटजी दर्भाच्या कावळ्याची तयारी करायला लागले. तेव्हा मागे चपलांपाशी उभी असलेली ताईआत्या पुढे आली आणि अगदी हळू, फोनवर बोलावं तशा आवाजात म्हणाली, “मी आहे अजून. तू नीघ.” ती बाजूला व्हायच्या आत कावळा उतरला.

ताईआत्या एप्रिल 2021 मध्ये गेली. त्या महिन्यात पुण्यात जे चाललं होतं ते पुन्हा लिहायला नको. रुग्णालयातून फोन आला तेव्हा दादा एकटा गेला. पीपीई किटमधल्या दोन अनोळखी पोरांनी सगळं केलं, त्याने लांबून हात जोडले. अस्थी त्याने नंतर आळंदीला नेऊन इंद्रायणीत सोडल्या. दहावं नाही, तेरावं नाही. लॉकडाउन उठला की व्यवस्थित करू, सगळ्यांना बोलावू, असं फोनवर ठरलं. लॉकडाउन उठला. मग भाच्याची दहावी आली, मग घराचं रंगकाम. बाबांचा फोटो हॉलमध्ये आहे, त्याला दर वर्षी नवा हार येतो. ताईआत्याचा फोटो कुठला मोठा करायचा यावरच अडलं, कारण तिचा एकटीचा फोटो सापडत नव्हता. प्रत्येक फोटोत ती कडेला, कुणाचं तरी पोर कडेवर घेऊन.

आईने सिनेमातल्या बाईबद्दल विचारलं होतं की आणखी कुणाबद्दल, हे मी तिला विचारलं नाही. दोन-तीन दिवसांनी मात्र मी लॅपटॉपवर तो धक्क्यावरचा प्रसंग काढला आणि तिला बोलावलं. म्हटलं, हे बघ, केलंय त्यांनी थोडंसं. तिने चष्मा लावला. टोनी विचारतो, हिचं मागे कुणी होतं का? स्टीव्ह म्हणतो, हो, आपण. मी वाक्याचा अर्थ सांगितला. आईने पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा पाहिलं. “तोंडाने म्हणतायत खरं,” ती म्हणाली आणि चष्मा काढून पदराने पुसायला लागली.

भाद्रपदात सर्वपित्रीला आम्ही बाबांचं पान वाढतोच. या वेळी आईने सकाळी दोन पानं धुऊन ठेवली. वालाचं बिरडं केलं होतं, ताईआत्याला आवडायचं ते, वरून खोबरं घातलेलं. दादाने दोन्ही पानं गच्चीत नेऊन कठड्यावर मांडली, त्याच स्लॅबवर उभं राहून. बाबांच्या पानावर कावळा लगेच आला, वडी उचलून गेला. दुसऱ्या पानाकडे कुणी फिरकेना. एक जण पाण्याच्या टाकीवर बसून होता, मान वाकडी करून. भाचा, आता माझ्याहून वीतभर उंच झालेला, हळूच म्हणाला, “आत्या, आपण काहीतरी बोलायला हवं का?” मला काही सुचलं नाही. दादानेही नुसता घसा खाकरला. ऊन चढत होतं, बिरड्यावरचं खोबरं सुकायला लागलं होतं.

आईने गुडघ्यावर हात टेकून कठडा सोडला आणि जिन्याकडे वळली.

“चला रे खाली. सगळ्यांच्या देखत ताई कधी जेवल्यात का?”